मुलांना अर्धवट बोलू द्या

प्रति,
गोव्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक व शिक्षक-शिक्षिका यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शिक्षक नाही, हे आधीच सांगून टाकतो. पेडणे तालुक्यातल्या एका गावात वाचनालय चालवायला हातभार लावतो, दोन शाळकरी मुलांचा बाप आहे, आणि तालुक्यात कुठे वक्तृत्व किंवा कथाकथन स्पर्धा असली की परीक्षक म्हणून बोलावतात तेव्हा सहसा नाही म्हणत नाही. मानधनाऐवजी शाल आणि नारळ मिळतो. शाली ठेवायला आता कपाटात जागा उरलेली नाही, पण मुले ऐकायला मिळतात. या तीन ठिकाणांहून जे दिसले ते तुम्हाला कळवावे म्हणून हे पत्र. उघड लिहितो आहे, कारण ही कुठल्या एका शाळेची तक्रार नाही. पालकांनीही ते वाचावे. त्यांच्यासाठीही पुढे चार शब्द आहेत आणि ते फारसे गोड नाहीत.

आपली मुले वर्गात उत्तरे देतात, पण बोलत नाहीत. पुस्तकात आहे तेच, पुस्तकातल्याच शब्दांत आणि बरोबर असल्याची पक्की खात्री झाली तरच देतात ते उत्तर. बोलायचे म्हणजे "मला असे वाटते, पण नक्की सांगता येत नाही" असे म्हणावे लागते, आणि त्याला हिंमत लागते. पहिलीतल्या पोराकडे ती ढीगभर असते. पाचवी-सहावीत ती आटायला लागते आणि नववीपर्यंत तिचा मागमूस राहत नाही. नववीच्या वर्गात "कोणाला काही शंका?" असे विचारले की चाळीसच्या चाळीस मुले मूग गिळून बसतात. सगळ्यांना समजले असे धरून धडा पुढे सरकतो.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते. "आमची मुलेच बुजरी आहेत हो, खेड्यातली." हे मात्र मी ऐकून घेणार नाही.

पेडण्यात जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्र-रात्र दशावतार चालतो. दशावताराला लिहून काढलेली संहिता नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आख्यान कुठले, राजा कोण, राक्षस कोण एवढे ठरते आणि मग नट उभ्या-उभ्या संवाद रचतात. धर्म-अधर्मावर वाद घालतात, देवालाही जाब विचारतात. संकासुर तर मालवणीत भल्याभल्यांची फिरकी घेतो. हे सगळे आमची पोरे चटईवर बसून पहाटेपर्यंत बघतात आणि पुढचे आठ दिवस देवळाच्या मंडपात काठीची तलवार करून तेच खेळतात. एक जण प्रश्न टाकतो, दुसरा तो तिथल्या तिथे परतवतो. सत्तरीत रणमाले हे लोकनाट्य आहे. अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, देवळागणिक जत्रेचे नाटक आहे. सासष्टीत तियात्र हे कोंकणी नाटक आहे आणि चर्चमध्ये गाणारी मुले आहेत. चारचौघांसमोर उभे राहण्याची एवढी संधी मुलांना देणारा दुसरा मुलूख चटकन आठवत नाही. ही मुले बुजरी असती तर मंडपातही बुजली असती. ती गप्प होतात ती वर्गाच्या उंबऱ्याच्या आत.

का होतात, ते एका स्पर्धेत मला फार जवळून दिसले. विषय पाण्याचा होता. आठवीतला एक मुलगा आला. "आदरणीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग" पासून सुरुवात. आवाज खणखणीत. "नद्या आटल्या" म्हणताना दोन्ही हात खाली, "आपण जागे होऊया" म्हणताना उजवी मूठ वर. कुठे थांबायचे, कुठे आवाज कापरा करायचा, सगळे घोटून घेतलेले. त्या स्पर्धेत शेवटी परीक्षकांनी एक प्रश्न विचारायचा असा नियम होता. मी विचारले, "तुझ्या घरी पाणी कुठून येते रे?" मुलगा गप्प. त्याने तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्याच्या सरांकडे पाहिले. सरांचे ओठ हलत होते. मुलाने ते वाचायचा प्रयत्न केला, जमले नाही, आणि शेवटी म्हणाला, "पाणी हे जीवन आहे."

मधल्या सुट्टीत तोच मुलगा बाहेर नळावर भेटला. म्हटले, आता इथे कोणी नाही, सांग बघू. मग जो सुटला! नळ संध्याकाळी येतो, पण आजी विहिरीचेच पाणी पिते. विहीर पूर्वी मे महिन्यातही आटत नसे, आता एप्रिलातच तळ दिसतो. "आजी म्हणता डोंगर कापलो म्हणून. बाबा म्हणतात पावसच कमी झाला. माका दिसता दोगांचेंय थोडें-थोडें खरें." आठवीतल्या पोराने दोन कारणे समोर ठेवली, तोलली आणि निकाल राखून ठेवला. मी विचारले, हे आत का नाही सांगितलेस? तो म्हणाला, "तें भाशणांत नासलें." म्हणजे, ते भाषणात नव्हते.

आमच्या हातातल्या गुणपत्रकात आशय, उच्चार, हावभाव, पाठांतर असे रकाने होते. आशय कोणी लिहून दिला, हे विचारणारा रकाना नव्हता. मुलाला बक्षीस मिळाले. मिळायलाच हवे होते, कारण नियमात तो चोख बसत होता.

त्या सरांना मी दोष देत नाही. त्यांनी मेहनत घेतली होती, घरी बसून भाषण लिहून दिले होते. पण मुलाने त्यातून काय घेतले? आपल्या घरची विहीर बोलण्याजोगी गोष्ट नाही. बोलण्याजोगे ते दुसऱ्या कोणीतरी लिहून द्यायचे असते आणि ते पूर्ण, घोटलेले, टाळी घेणारे असले पाहिजे. आजी आणि बाबा यांच्या मधोमध अडकलेला अर्धवट विचार शाळेत आणायचा नसतो. माझे सगळे म्हणणे याच एका जागी येऊन थांबते. वर्गात मुले बोलायला हवी असतील तर अर्धवट, चाचपडणारे, व्याकरणात फसलेले, कदाचित चुकीचेही बोलणे वर्गात चालले पाहिजे. पूर्ण आणि बरोबर तेवढेच बोला म्हटले की मुले गप्प बसतात. मोठी माणसेही बसतात. पंचायतीच्या ग्रामसभेत जाऊन पाहा.

आता आपल्या गोव्यापुरती खास अडचण. घरी कोंकणी, चौथीपर्यंतची सरकारी शाळा मराठी किंवा कोंकणी, आणि पाचवीला हायस्कुलात पाऊल टाकले की बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजी. शिवाय आता सरकारी प्राथमिक शाळांत कानडी, लमाणी, हिंदी बोलणारी घरेही पुष्कळ. माध्यमाचा वाद मला इथे उकरायचा नाही. २०११ पासून त्यावर मोर्चे निघाले, मंच उभे राहिले, निवडणुकाही गाजल्या. धोरण काय असावे ते मोठ्यांनी ठरवावे. मी बोलतो आहे ते सकाळच्या तिसऱ्या तासाबद्दल. दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात काहीतरी चमकते, ती हात अर्धा वर करते, मग ते इंग्रजीत कसे म्हणायचे याची जुळवाजुळव करू लागते, तोवर तास पुढे गेलेला असतो. हात खाली येतो. असे महिनाभर झाले की हात वर जायचाच थांबतो. तिच्या प्रगतिपत्रकावर मग शेरा येतो की मुलगी अबोल आहे.

त्या मुलीला "सांग, तुला येईल त्या भाषेत सांग" असे म्हणायला कुठल्या परिपत्रकाची वाट पाहावी लागते? विचार आधी बाहेर पडू द्या. तो इंग्रजीत कसा बसवायचा ते नंतर सगळ्या वर्गाने मिळून पाहता येते, आणि इंग्रजीचा त्याहून चांगला तास होणे कठीण. लमाणी बोलणाऱ्या पोराचे बाईंना कळले नाही तर शेजारचे पोर सांगेल. पोरांना एकमेकांचे बरोबर कळते.

आबे फारियाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला ज्याचा पुतळा आहे, तोच कांदोळीचा फारिया, संमोहनविद्येसाठी नाव झालेला धर्मगुरू. १७५६ चा जन्म. सांगतात ते असे की तरुणपणी लिस्बनला राजघराण्याच्या चॅपेलमध्ये प्रवचनाला उभा राहिला आणि समोरचा थाट बघून त्याची बोबडी वळली. तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा खाली बसलेल्या बापाने हळूच कोंकणीत म्हटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." म्हणजे समोरचे सगळे नुसता भाजीपाला समज आणि चिरत सूट. आणि फारिया सुटला. गोष्टीत तिखटमीठ किती आणि खरे किती ते असो. पण तिच्यात एक गोम आहे. प्रवचन काही कोंकणीत झाले नाही. ते तिथल्या दरबाराला कळेल अशाच भाषेत झाले. कोंकणीने फक्त कुलूप काढले. पाचवीच्या वर्गात तुमच्याकडून एवढेच मागणे आहे.

दुसरी अडचण वेळेची, आणि इथे मला थोडे वाचलेले सांगू द्या. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून एक साधी गोष्ट मोजली. शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी तो किती वेळ थांबतो? सरासरी एक सेकंद. एका सेकंदात मुलाने ऐकायचे, समजून घ्यायचे, आठवायचे आणि बोलायचे. नाही बोलले की प्रश्न दुसऱ्याकडे, नाहीतर शिक्षकच उत्तर सांगून मोकळे. मग त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला लावले. प्रश्नानंतर तीन, आणि मुलाचे उत्तर संपल्यासारखे वाटले की पुन्हा तीन. उत्तरे लांबली. "माहीत नाही" कमी झाले. मुले आपणहून बोलू लागली, एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागली, आणि ज्यांच्यावर 'ढ' म्हणून शिक्का बसला होता ती तोंड उघडू लागली. पैसा लागला नाही, स्मार्ट बोर्ड लागला नाही. फक्त थांबले.

तीन सेकंद गप्प राहणे शिक्षकाला किती जड जाते हे मी एका ओळखीच्या बाईंकडून ऐकले आहे. डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेत शिकवतात, नाव घातलेले त्यांना आवडणार नाही. त्यांनी यावर नामी युक्ती काढली आहे. प्रश्न विचारायचा आणि पाठ फिरवून फळा पुसायला लागायचे. सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आपण बघत नाही म्हटल्यावर मुले शेजाऱ्याशी कुजबुजतात, आणि बाई ती कुजबुज मुद्दाम होऊ देतात. फळा पुसून वळले की पाच-सहा हात वर असतात, त्यांत नेहमीचे दोनच. मग त्या मुलांची वाक्ये फळ्यावर मुलांच्याच शब्दांत लिहितात आणि शेजारी मुलाचे नाव. दुरुस्ती नाही. सगळी लिहून झाली की विचारतात, यातले कोणते पटते आणि का? चुकीचे वाक्य बहुतेक वेळा मुलेच हेरतात, आणि बऱ्याचदा ज्याचे असते तोच पहिला उठतो, "बाई, माझे पुसा, मला आता तसे नाही वाटत." त्या म्हणतात, "पुसायचे नाही, खाली नवीन लिही."

या बाईंचा वर्ग गोंगाटाचा असतो. शेजारच्या वर्गातून तक्रार जाते. आणि इथे मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती आहे. व्हरांड्यातून फेरी मारताना शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग ही मोजपट्टी सोडा. भागशिक्षणाधिकारी तपासणीला येतात तेव्हा मुलांना हाताची घडी घालून बसवण्याची चाल तर कधीच जायला हवी होती. ज्या शाळेत मुख्याध्यापक गोंगाटाचा अर्थ विचारतात, त्या शाळेत शिक्षक प्रयोग करतात. जिथे गोंगाटाबद्दल मेमो मिळतो, तिथे कोण कशाला नसता उपद्व्याप करील?

पोर्शनचे काय, असे तुम्ही म्हणाल आणि ते खोटे नाही. निवडणुकीची कामे आहेत, प्रशिक्षणे आहेत, ऑनलाइन भरायची माहिती आहे, आणि नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून पुस्तके, वेळापत्रक, मूल्यमापन सगळेच हलते आहे. २०२५ मध्ये तर सहावी ते दहावीची शाळा एप्रिलातच भरली. भर उन्हात घामाघूम झालेल्या वर्गाला चर्चा करा म्हणणे सोपे नाही. तरी रोज नको, प्रत्येक धड्याला नको. आठवड्यात एका तासातली दहा मिनिटे. पोर्शन त्याने बुडत नाही. उलट नोट्स उतरवून घेण्यात किती दहा मिनिटे जातात त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आता एक उदाहरण देतो, पोर्शनबाहेरचा प्रश्न पोर्शनच्या किती कामाचा असतो त्याचे. आमच्या वाचनालयात रविवारी दुपारी मुले जमतात. सातवीतल्या एका मुलीने विचारले, पोर्तुगीज साडेचारशे वर्षे राहिले तर लोकांनी त्यांना आधीच का नाही घालवले? शाळेत तिला सांगितले होते की ते धड्यात नाही. रविवारी आम्ही तो प्रश्न मधोमध ठेवला. एक मुलगा म्हणाला, लोक घाबरत असतील. दुसरा म्हणाला, नाही, राणे घराण्यातल्या लोकांनी बंड केले होते, त्याच्या मामाच्या गावाला सत्तरीत त्याच्या गोष्टी सांगतात. मग पुस्तके काढली. कुंकळ्ळीचा उठाव १५८३ चा. पिंटोंचा कट १७८७ चा. दीपाजी राणे यांचे बंड १८५२ चे. म्हणजे लोक गप्प नव्हते. आणि सगळ्यांत मजा पुढे आली. पेडणे तर साडेचारशे वर्षे पोर्तुगीजांकडे नव्हतेच! फोंडा, सत्तरी, डिचोली, पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती गेले, पेडणे १७८८ मध्ये. एका मुलाने तिथल्या तिथे १९६१ मधून वजाबाकी केली आणि ओरडला, "१७३!" प्रश्नच मुळात थोडा चुकीचा होता. त्या चुकीच्या प्रश्नामुळे जुन्या आणि नव्या काबिजादींमधला, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी आणि नंतर घेतलेल्या मुलुखांमधला, फरक या मुलांना जन्मभरासाठी कळला. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते.

मुलीने शाळेत विचारले तेव्हा तिच्या सरांना बहुधा तास संपवायचा असेल. किंवा उत्तर माहीत नसेल. "मलाही माहीत नाही, उद्या दोघेही बघून येऊ" हे वाक्य उच्चारल्याने शिक्षकाचा मान कमी होतो अशी समजूत कुठून आली कोण जाणे.

मी कायद्याचा माणूस नाही, पण हे कायद्यातही आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. त्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम कसा असावा ते सांगताना म्हटले आहे की मुलाला भीती, दडपण आणि चिंता यांपासून मोकळे करावे आणि आपली मते मोकळेपणाने मांडायला मदत करावी. त्याच कलमात शक्य तोवर मातृभाषेतून शिकवण्याचेही आहे. कलम १७ मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी घालते. आपण त्यातली छडी तेवढी टाकली. टोमणा अजून कपाटात जपून ठेवला आहे. "आले मोठे शास्त्रज्ञ", "आधी शुद्ध लिहायला शीक", "तुझ्या भावाला तरी येत होते." मुलगा हसतो, वर्ग हसतो, आणि तो पुन्हा वर्षभर ब्र काढत नाही. वर्गाचे फिदीफिदी हसणे तर बाईंच्या ओरडण्याहून वाईट, विशेषतः आठवी-नववीतल्या मुलींसाठी. तिथे मात्र शिक्षकाने कडक व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे. कोणाच्याही मतावर तुटून पडा, पण बोलण्याच्या ढंगावर, भाषेवर, घरावर हसलात तर तास तिथेच थांबेल, हा नियम जूनमध्ये म्हणा नाहीतर आता एप्रिलमध्ये म्हणा, पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा आणि पाळावा.

एक भीती तुम्ही उघड बोलत नाही, खासगीत बोलता. वर्गात मुलांना मते मांडू दिली आणि विषय वादाचा निघाला तर? संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर अर्धे वाक्य फिरते, दुसऱ्या दिवशी गेटपाशी चार माणसे उभी राहतात. ही भीती खोटी नाही, आणि ज्याच्यावर प्रसंग येतो त्याच्या पाठीशी संस्थेचे व्यवस्थापन उभे राहतेच असे नाही. म्हणून व्यवस्थापनांनीही हे पत्र वाचावे. पण वादाचा विषय टाळायचा म्हटले तर गोव्यात शिकवायचे तरी काय? म्हादई नदीच्या पाण्याचा वाद घ्या. लवादाचा निवाडा २०१८ चा, भांडण अजून चालू. वाघ घ्या. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले, २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादई अभयारण्याला व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितले, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सत्तरीतल्या शाळेत एका बाकावर ज्याची गाय वाघाने मारली त्याचा मुलगा बसतो आणि शेजारी वनरक्षकाची मुलगी. विज्ञानाच्या पुस्तकातली अन्नसाखळी शिकवायला याहून चांगला वर्ग कुठे मिळणार? कोण बरोबर हे शिक्षकाने सांगूच नये. दोघांना बोलू द्यावे, आणि मग मुलाला मुलीची बाजू मांडायला सांगावी, मुलीला मुलाची. ज्याने समोरच्याची बाजू एकदा स्वतःच्या तोंडाने मांडली तो गेटपाशी जमणाऱ्या चार जणांत सहसा जात नाही.

आपल्या सांकवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्म समजून घ्यायचा म्हणून घरदार सोडून निघाले आणि सिलोनपर्यंत पोहोचले. त्यांचे चिरंजीव दामोदर गणिती होते, पण पायी हिंडत, दगडांची हत्यारे गोळा करत, खेडुतांना प्रश्न विचारत त्यांनी इतिहास लिहिला. त्यांच्या नावाने २००८ पासून पणजीला कला अकादमीत विचार महोत्सव सुरू झाला आणि आपण तो गर्दी करून ऐकला, मीही त्यात होतो. मोठमोठ्या पाहुण्यांना आपण टाळ्या दिल्या. पण दामोदर कोसंबींसारखे उलटे प्रश्न विचारणारे पोर आज एखाद्या आठवीच्या वर्गात असेल, तर त्याच्या डायरीत 'शिस्त नाही' असा शेरा आणि खाली पालकांची सही मागितलेली असेल.

आता पालकांनो, तुमचे चार शब्द. पी.टी.ए.च्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, बैठकीत आपण काय विचारतो? युनिट टेस्टला मार्क कमी का, नोट्स पूर्ण का नाहीत, शेजारच्या शाळेत तो धडा झाला, आपल्याकडे का नाही. एखाद्या बाईंनी मुलांना बोलते केले तर पहिली तक्रार आपलीच, की वहीत काही लिहिलेले दिसत नाही. संध्याकाळी ट्यूशनला पाठवतो, तिथे तीच उत्तरे पुन्हा उतरवून घेतात. घरी मुलगा जेवताना म्हणाला की मला हे पटत नाही, तर ताटावरून उठवायला निघतो. शिक्षकांनी एकट्याने काय करावे? मुलगा शाळेतून आला की आज काय शिकवले असे विचारण्याऐवजी आज तू काय विचारलेस असे विचारून तर बघू. पहिले काही दिवस "काहीच नाही" असेच ऐकू येईल.

शिक्षक मंडळींनो, शेवटी एक ठोस मागणी आणि एक ठोस देणे. मागणी अशी की चतुर्थीच्या सुट्टीनंतर आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धांचा धडाका सुरू होईल, त्यात आपल्या शाळेच्या स्पर्धेपुरता तरी नियम बदला. विषय अर्धा तास आधी द्या. कागदावर मुद्दे लिहायला हरकत नाही, पण लिहिलेले भाषण नको. भाषा मराठी, कोंकणी, दोन्हींची सरमिसळ, काहीही. भाषणानंतर प्रश्न परीक्षकांनी विचारायचे नाहीत, समोर बसलेल्या मुलांनी विचारायचे, आणि गुणांतले निम्मे त्या प्रश्नोत्तरांना ठेवायचे. चांगला प्रश्न विचारणाऱ्यालाही बक्षीस ठेवा, भाषणाएवढेच. पहिल्या वर्षी स्पर्धा रंगणार नाही, दोन-तीन मुले मध्येच थांबतील, एखादे रडेलही. पाहुण्यांना ते बघायला बरे वाटणार नाही म्हणून पहिल्या वर्षी पाहुणेच बोलावू नका.

आणि देणे असे. तुमच्या वर्गात मुलांनी विचारलेले, पण वेळेअभावी राहून गेलेले प्रश्न महिन्याकाठी एका कागदावर उतरवून आमच्या वाचनालयाकडे पाठवा. मुलाचे नाव नको, इयत्ता पुरे. रविवारची मुले पुस्तकांतून, गावातल्या जाणत्यांना विचारून सापडेल तेवढे शोधतील आणि जे सापडले नाही तेही तसेच लिहून कागद तुम्हाला परत पाठवतील. पेडण्यातल्या ज्या शाळांना हे जमण्याजोगे वाटते त्यांनी पुढच्या पी.टी.ए. बैठकीत विषय घ्यावा. दुसऱ्या तालुक्यांतल्या शाळांनी आपापल्या गावचे वाचनालय गाठावे. बहुतेक ठिकाणी दुपारी तिथे वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोन आजोबांखेरीज कोणी नसते, आणि त्या आजोबांना प्रश्न विचारलेले फार आवडतात.

कळावे,

आपला,
एक पालक व वाचनालयाचा कार्यकर्ता,
पेडणे, गोवा